तेरा नंबरचा पाना

आमच्या घराला रंग द्यायला येणारा रंगारी दर वेळी एकच प्रश्न विचारतो, "ताई, हे खड्डे बुजवायचे का?" मी म्हणते, "बुजवा बापडे. नवीन पडतीलच."

जेवणघराच्या दाराला कमरेच्या उंचीवर पोचा आहे, तो पाण्याच्या जगचा. जिन्याच्या कठड्याचा टवका उडालाय, तो हातोडीने. बैठकीच्या भिंतीवर अर्धा चंद्र उमटलाय, ती बशी. माझे थोरले दीर तोंडाने भांडत नाहीत. हाताला लागेल ते उचलतात आणि फेकतात. गल्लीत त्यांना गोफण म्हणतात, अर्थात पाठीमागे. तोंडावर म्हणायचं तर पायात धड चप्पल हवी, पळता येईल अशी.

लग्न होऊन आले तेव्हा सासूबाईंनी मला घर दाखवलं. "हे स्वयंपाकघर, हा जिना, आणि ही दारामागची जागा. थोरला चिडला की इथे उभं राहायचं. इथपर्यंत काही पोचत नाही." मला वाटलं, सासूबाई थट्टा करतायत. मी हसले. त्या हसल्या नाहीत. तो आठवडा सरायच्या आत मी त्या जागेवर उभी होते आणि समोरून स्टुलाचा एक पाय गरगरत जात होता.

मी त्यांना भावोजी म्हणते. ते मला "धाकटे" म्हणतात. आमच्या ह्यांना, म्हणजे स्वतःच्या सख्ख्या धाकट्या भावाला, चाळिशी ओलांडली तरी "बारक्या" म्हणतात. माणूस अंगाने बुटका, रुंद, मान जवळजवळ नाहीच. दोन्ही पंजांवर वेल्डिंगच्या ठिणग्यांचे काळे ठिपके. आणि डावा कान बहिरा.

त्या कानाची गोष्ट सासूबाई सांगतात, पण भावोजी घरात नसताना. सासरे क्रेन चालवायचे. दिवसभर उंचावर एकटे बसलेले असायचे, खाली उतरले की सगळ्या जगावर राग. एकदा ह्यांनी, तेव्हा जेमतेम शाळेत जाऊ लागलेले, खेळता खेळता सासऱ्यांच्या आरशावर काहीतरी मारलं. आरसा फुटला. सासऱ्यांनी विचारलं, "कोण?" भावोजी म्हणाले, "मी." सासऱ्यांनी कानाखाली अशी ठेवून दिली की पोरगं भिंतीवर आपटून खाली आलं, आणि कानातून रक्ताची धार मानेवर. "मला ठाऊक होतं कुणी फोडला ते," सासूबाई म्हणतात. "पण मी दारामागे होते ना."

पुढे भावोजी बसच्या बॉड्या बांधणाऱ्या कारखान्यात लागले. हात सोन्याचा. त्यांनी जोडलेला सांधा बोटाने चाचपला तरी कळायचा नाही. पण एकदा फोरमनने त्यांच्या डाव्या बाजूने हाक मारली, भावोजींना ऐकू आली नाही, फोरमन म्हणाला, "बहिरा झालास का रे?" आणि दुसऱ्या क्षणाला फोरमनच्या नाकाचं हाड मोडलं होतं. नोकरी गेली. मग घरामागच्या शेडमध्ये त्यांनी स्वतःचं काम सुरू केलं. लोखंडी फाटकं, खिडक्यांच्या जाळ्या. गिऱ्हाईकं येत, कारण काम चोख; आणि घासाघीस करत नसत, कारण जीव सगळ्यांनाच प्यारा.

गावाबाहेर एक जुनी धावपट्टी आहे. तिथे बिनइंजिनाची विमानं उडवणाऱ्यांचा एक क्लब आहे. विमानं दोराने ओढून वर चढवायचं त्यांचं ओढयंत्र मोडलं म्हणून भावोजींना बोलावलं होतं. काम झाल्यावर तिथल्या म्हाताऱ्या शिक्षकाने, त्याला सगळे मास्तर म्हणतात, गंमत म्हणून त्यांना एक फेरी मारून आणली. भावोजी घरी आले, पाटावर बसले, जेवले, ताट स्वतः उचललं आणि झोपायला गेले. सासूबाई माझ्याकडे बघायला लागल्या. आज काहीच फुटलं नव्हतं. "ताप तर नाही ना आला ह्याला?" त्या म्हणाल्या.

त्यानंतर दोघे भाऊ क्लबात जायला लागले. दोघेही रीतसर शिकले. आणि मग भावोजींनी कुठून तरी बांधणीचे नकाशे मागवले, आणि आमच्या घरात विमान शिरलं.

विमान म्हटल्यावर डोळ्यांपुढे येतं तसं ते नव्हे. हे म्हणजे मुंगळा. एकावर एक असे दोन आखूड पंख, मधे नळ्यांचा सांगाडा, पुढे इंजिन, आणि बसायला एकच जागा. तीही अशी की माणूस तीत बसत नाही, ती अंगात घालतो. हे कुठे जायचं यायचं विमान नाही. हे हवेत कोलांट्या मारायचं, उलटं होऊन उडायचं, गिरक्या घ्यायचं विमान. ते हौशी माणसं घरी स्वतःच्या हाताने बांधतात. "आणि दुसऱ्या माणसाला कुठे बसवणार?" असं जाऊबाईंनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं. भावोजी म्हणाले होते, "दुसरं माणूस कशाला हवं?"

जाऊबाई म्हणजे भावोजींची बायको. त्यांच्याबद्दल इथेच सांगते, कारण त्या ह्यापुढे आमच्या घरात नाहीत. सांगाडा शेडमध्ये होता, पण पंखांच्या लाकडी फासळ्यांना दमट हवा चालत नाही म्हणून पंख जाऊबाईंच्या झोपायच्या खोलीत ठेवले होते. एका सकाळी त्या कपड्यांना इस्त्री करता करता म्हणाल्या, "ह्या घरात लाकडाला झोपायला जागा आहे, माणसाला नाही." वाक्य पुरतं संपलंही नव्हतं. भावोजींनी टेबलावरची इस्त्री उचलली, वायरसकट, तापलेली. मी दारामागच्या जागेपर्यंत पोचले, जाऊबाई नाही पोचल्या. कोपरा बरोबर भुवईवर बसला. कातडी फाटली आणि भाजलीही. तो वास मला अजून येतो.

त्यांनी किंकाळी फोडली नाही. डोळ्यात रक्त उतरत होतं, तशाच त्या उभ्या राहिल्या, पिशवी भरली आणि भावाकडे निघून गेल्या. दारात मला म्हणाल्या, "इस्त्री तुला ठेव. चांगली तापते."

आणि खरंच, विमानाचं कापड मी त्याच इस्त्रीने ताणलं. हे काम असं असतं. सांगाड्यावर, पंखांवर एक खास कापड चिकटवतात, सैलसर. मग त्यावर बेताची तापलेली इस्त्री फिरवली की ते आकसतं आणि ढोलाच्या कातड्यासारखं ताठ होतं. मग लांब सुईने, मेण लावलेल्या दोऱ्याने ते फासळ्यांना गाठी मारून शिवायचं. भावोजी म्हणाले, "धाकटे, तुझा हात स्थिर आहे." ह्या घरात ह्याच्यापेक्षा मोठी शाबासकी नाही. मी रोज दुपारी भांडी आटोपली की शेडमध्ये जायची. इस्त्रीचा एक कोपरा वाकला होता, तेवढा चुकवून फिरवायची. कापड पुरेसं ताणलं का हे टिचकीने बघायचं. सैल असेल तर 'धप्प', ताठ असेल तर 'टण'. महिनाभरात तो आवाज माझ्या कानात इतका बसला की बाजारात कलिंगडावर टिचकी मारतानाही मी आधी विमानाचा विचार करायची.

शेडची एक शिस्त होती. भिंतीला फळी, तिच्यावर प्रत्येक हत्यार त्याच्या खिळ्याला, आणि मागे पांढऱ्या रंगाने त्याची बाह्यरेषा काढलेली. पाना उचलला की भिंतीवर त्याचं भूत राहायचं. काम संपलं की एकही भूत उघडं दिसता कामा नये. उलटं होणाऱ्या विमानात एखादा नटबोल्टसुद्धा सुटा राहिला तर तो वर-खाली लोळतो, हातातल्या दांडीपासून शेपटीपर्यंत गेलेल्या दांड्यात अडकतो, दांडी ओढून नाक वर येत नाही, आणि माणूस जातो. हे मला पहिल्या दिवशी भावोजींनीच शिकवलं होतं.

आता भांडणाचं. मास्तरांनी भावोजींना क्लबच्या दोन जागांच्या विमानातून उलटं करून पाहिलं होतं. खाली उतरले तेव्हा भावोजी भिंतीचा आधार घेऊन ओकत होते. मास्तर म्हणाले, "त्या कानामुळे तुला वर-खाली कळत नाही रे. सरळ उडव, म्हातारा होईपर्यंत उडव. उलटं नाही." भावोजींनी ते ऐकून घेतलं. घरी आले आणि पुढचं फाटक वेल्ड करायला बसले. आम्हाला वाटलं, पचवलं.

नव्हतं पचवलं. सांगाड्याचं पोट आणि एक बाजू मी झाकली होती, दुसरी बाजू उघडी होती. मी दोऱ्याला मेण लावत बसले होते. हे इंजिनाखाली काहीतरी आवळत होते. भावोजी सहज बोलल्यासारखं म्हणाले, "पहिली कोलांटी मी मारणार."

हे म्हणाले, "दादा, मास्तर काय म्हणाले..."

"मास्तरच्या बापाचं विमान आहे का? नळी न् नळी मी जोडलीय."

"जोडलीस ना. मग ते मोडायचं कशाला? तुझा कान तुला उलटं होऊ देणार नाही, दादा. तू मरशील."

"माझ्या कानाचं नाव काढायचं नाही."

"का नाही काढायचं? तुझ्या त्या कानापायी..."

पाना सुटला. भावोजींच्या हातातून केव्हा गेला ते दिसलंच नाही. हे खाली वाकले, तो डोक्यावरून सणकन गेला, आणि त्याच क्षणी भावोजी स्वतः ह्यांच्या अंगावर आले. पत्र्याचं शेल्फ कोसळलं. खिळे, रंगाचे डबे, बोल्ट, सगळं खणाखण जमिनीवर. भावोजींनी ह्यांचं डोकं सांगाड्याच्या नळीवर आपटलं. ह्यांनी गुडघा घातला. दोघे तेलात लोळत होते, आणि आवाज असे येत होते की जणू कुणी ओली पोती आपटतंय. ह्यांचा एक दात पडला. भावोजींच्या करंगळीचं हाड बाहेर दिसत होतं. मी मेणाचं पातेलं दोघांच्या अंगावर ओतलं. कोमट होतं, पण सुटले.

जमिनीवरचं सगळं मी गोळा केलं. दातसुद्धा मिळाला. फळीवर मात्र एक भूत उघडं राहिलं. तेरा नंबरचा पाना.

"बारक्याने लपवलाय," भावोजी म्हणाले, "मला खिजवायला."

"ह्याने भिंतीपलीकडे फेकलाय," हे म्हणाले, "आणि आता माझ्यावर ढकलतोय."

भिंतीपलीकडे नाला आहे. तिथे मी काठी घालून बघितलं. उरलेली बाजू झाकण्याआधी सांगाड्यात बॅटरी मारूनही बघितलं. पण शेपटीकडे सांगाडा निमुळता होतो, शेवटचा हातभर भाग तर आधीच पोटाकडून आणि बाजूने बंद झाला होता. शिवाय खरं सांगायचं तर दोघांचीही खात्री होती, पाना दुसऱ्याच्या मनात दडलाय. नवा पाना आणायलाही कुणी तयार नव्हतं. जो आणेल तो हरला. दोन धडधाकट माणसं कित्येक महिने तेराच्या बोल्टला पक्कड लावून कुरकुर करत काम करत राहिली, पण त्या रिकाम्या रेषेकडे बघताना एकाची मान डावीकडे आणि दुसऱ्याची उजवीकडे.

विमान पुरं झालं. लाल रंग दिला. धावपट्टीवर नेलं. ढकलताना शेपटीकडून 'टक्' असा आवाज आला. मी म्हटलं, "भावोजी, काहीतरी वाजतंय."

"शेपटीच्या चाकाची पट्टी. नवी आहे, बसेल."

पहिली उड्डाणं भावोजींनी केली. सरळ, शहाण्यासारखी. उतरले की चेहरा असा असायचा की मला जाऊबाईंना बोलावून दाखवावंसं वाटायचं. एकदा त्यांना तसं म्हटलंही. त्या म्हणाल्या, "मला त्यांचा चेहरा पाठ आहे. आरशात रोज दिसतो, भुवईवर."

मग तो दिवस आला. मास्तरांनी ठरवलं होतं, आज विमान उलटं होणार आणि ते ह्यांनी करायचं.  ह्यांना भावोजींनीच पट्टे आवळले, खांद्यांवर, कमरेवर, मांड्यांमधून. शेवटचा पट्टा असा ओढला की हे कळवळले. "उलटं झाल्यावर ढिला वाटतो," भावोजी म्हणाले. "माहीत आहे मला." आणि मागे वळून न बघता निघून आले.

क्लबच्या शेडसमोर एक बाकडं आहे. मी थर्मास घेऊन बसले. मास्तर उन्हात कपाळावर हात धरून उभे. बाकड्यावर रेडिओ. भावोजींनी हत्यारांची पेटी उघडली, ओढयंत्राचा एक बोल्ट ढिला दिसला होता, तो आवळायला. पेटीत हात घातला, काढला. पुन्हा घातला.

"तेराचा लागतो," ते स्वतःशीच म्हणाले. मग शिवी दिली.  आणि मग अगदी वेगळ्या आवाजात म्हणाले, "धाकटे. त्या दिवशी पाना पडल्याचा आवाज ऐकलास तू?"

"कसा ऐकणार? शेल्फ नाही का पडलं?"

"शेल्फ नंतर पडलं. मी त्याच्या अंगावर गेल्यावर. पाना आधी सुटला. मला एका कानाने काही कळत नाही. तुझे दोन्ही आहेत. आठव."

मी डोळे मिटले. मेणाचा वास. सणकन गेलेलं काहीतरी. आणि मग खणकन नाही, ठणकन नाही. जमिनीवर लोखंड पडल्यासारखं काहीच नाही.

"टण," मी म्हणाले.  "भावोजी, कापडावर पडला तो. पोटाच्या ताणलेल्या कापडावर."

भावोजींनी रेडिओ उचलला.

"बारक्या. उलटा होऊ नको. तसाच खाली ये."

वरून खरखरत आवाज आला. "का? पोटात दुखायला लागलं का तुझ्या?"

"पाना आत आहे. शेपटीत. तेराचा."

ह्यांचं हसणं ऐकू आलं. "आता सापडला? इतके महिने मी लपवला होता ना? दादा, तू सुधारणार नाहीस."

"आईची शप्पथ, बारक्या."

"आईच्या शपथेवर तू काय काय बोललायस ते सांगू का सगळ्यांसमोर? ठेव तो रेडिओ."

मी हिसकावून घेतला. "अहो, मी सांगतेय, मी! खरंच..." पण तोवर तो लाल ठिपका कुशीवर वळायला लागला होता. पोट वर आलं. सूर्य त्या कापडावर चमकला, मी शिवलेल्या कापडावर. क्षणभर तो तसाच सरळ रेषेत, चाकं आभाळाकडे करून, गेला. देखणा दिसला, हे खोटं कशाला सांगू. मग पुन्हा सुलटा झाला, आणि नाक खाली गेलं.

ते वर येईना.

"दांडी," रेडिओवर श्वास. "दादा, दांडी मागे येत नाही. अडकली. दादा!"

विमान आमच्याकडे नाक करून उतरत होतं. इंजिनाचा आवाज चढत होता. मास्तर "देवा" म्हणून खाली बसले. मी रेडिओ भावोजींच्या छातीवर आपटला.

"ओढू नको," भावोजी म्हणाले. "ओढशील तितका रुतेल. ऐकतोस का? पुन्हा उलटा हो आणि दांडी पुढे ढकल."

"जमीन... जमीन जवळ आहे..."

"उलटा झालास की तो आपटून सुटेल, आणि ढकललं की नाक वर जाईल. हो उलटा."

"नाही जमणार. नाही, दादा..." हे रडत होते. रेडिओवर रडणं कसं ऐकू येतं हे कुणाला कधी कळू नये.

आणि मग भावोजींनी जो आवाज काढला तो मी ह्या घरात अनेकदा ऐकला होता, दारामागे उभी राहून. सासूबाई सांगतात, तो आवाज त्यांचा नव्हे, सासऱ्यांचा.

"ए हरामखोरा! आरसा कुणी फोडला? बोल, कुणी फोडला? मी खाल्ला ना मार? मग ऐकायचं माझं! उलटा हो, नाहीतर वर येऊन तंगड्या मोडीन! हो उलटा, गाढवा! ढकल! ढकल! ढकल म्हणतो ना!"

विमान उलटं झालं. इतकं खाली होतं की मला ह्यांचं डोकं दिसलं, खाली लोंबणारं. मग काहीतरी प्रचंड जोराने त्याला वर उचकटल्यासारखं ते तसंच पाठीवर वर चढत गेलं. बाकड्यावरचा थर्मास आडवा झाला, आमच्या तोंडात धूळ गेली. खूप वर जाऊन ते सुलटं झालं.

"सुटली," रेडिओ म्हणाला. फक्त तेवढंच.

"आता हळू," भावोजी त्याच शिव्यांच्या आवाजात ओरडले, "धक्का देऊ नको त्याला, भडव्या, हळू!"

हळू नाही जमलं. ते एका चाकावर आदळलं, चाकाचा पाय मोडला, पंख्याची पाती जमिनीत घुसून तुटली आणि विमान एका कुशीवर घसरत, वाळू उडवत थांबलं. मी धावले. भावोजी माझ्या पुढे होते.

ह्यांनी स्वतःच पट्टे सोडले. बाहेर आले तेव्हा मी ओळखलंच नाही. डोळ्यांतलं पांढरं उरलंच नव्हतं, सगळं रक्ताळलेलं. उलटं असताना रक्त डोक्यात उतरतं म्हणे, बारीक नसा फुटतात. खांद्यांवर पट्ट्यांनी कातडी सोलली होती. ते माझ्याकडे बघतही नव्हते. सरळ चालत भावोजींपाशी गेले आणि मुठीने त्यांच्या तोंडावर मारलं.

भावोजी हलले नाहीत. दुसरा ठोसा नाकावर. तिसरा, चौथा. भावोजी गुडघ्यांवर आले. मास्तर धावले, तर भावोजींनी हात वर करून त्यांना थांबवलं. ह्यांनी लाथ घातली. आणि मग उजवा हात उगारला, नेमका त्या डाव्या कानाशी. तो हात तसाच वर राहिला. भावोजींनी तोंड फिरवलं नाही, डोळे मिटले नाहीत. कान पुढे केल्यासारखे बसून राहिले.

ह्यांनी हात खाली घेतला आणि तिथेच वाळूत बसले.

भावोजींनी रक्त थुंकलं. "झालं?" ते म्हणाले. "चल, शेपूट उचल."

दोघांनी शेपूट उचललं. मी पेटीतलं पातं घेतलं आणि पोटाला, माझ्याच गाठींच्या कडेने, चीर दिली. इतकं ताठ ताणलं होतं की कापड फाटताना किंचाळलं. हात आत घातला. गार लोखंड हाताला लागलं. पान्याच्या दोन्ही तोंडांवर नवे चकचकीत ओरखडे होते, जिथे तो दांड्याच्या सांध्यात चावला होता.  मी तो पदराने पुसला आणि दोघांच्या मधे वाळूत ठेवला. उचलायला कुणीच पुढे होईना, म्हणून मग घरी मीच आणला.

तुम्हाला वाटेल, भावोजी बदलले. पुस्तकात बदलतात. त्याच महिन्यात त्यांनी एका ट्रकवाल्याची काच फोडली. पण एक गोष्ट केली. नाक अजून सुजलेलं होतं, तशात एका सकाळी शेडमध्ये बसले आणि फळीवरच्या प्रत्येक हत्याराच्या बुडाला भोक पाडून मजबूत दोरी बांधली, दुसरं टोक फळीखालच्या लोखंडी कड्यात. गोठ्यात जनावरं बांधावीत तसे सगळे पाने, हातोड्या, पकडी दावणीला लागल्या. जाऊबाईंना सांगितलं तर त्या पोट धरून हसल्या. मग हसणं थांबवून म्हणाल्या, "पान्यांना बांधून काय उपयोग? बांधायचं त्याला होतं." त्या परत आल्या नाहीत. यावं असं मीही कधी म्हटलं नाही.

विमान दुरुस्त झालं. शेपटीच्या पोटाला मी ह्या वेळी पारदर्शक पट्टी लावली, आत दिसेल अशी. हे उडवतात, उलटंही होतात. भावोजी सरळ उडवतात. दर वेळी उडण्याआधी दोघे मिळून शेपूट उचलतात, हलवतात, आणि भावोजी उजवा कान कापडाला लावून ऐकतात. मग माझ्याकडे बघतात. मी टिचकी मारते आणि मान डोलावते. त्याशिवाय इंजिन सुरू होत नाही.

परवा पुन्हा जुंपली. कार्ब्युरेटरवरून. मी इस्त्री बाजूला ठेवून दाराकडे सरकले. हे काहीतरी बोलले, भावोजींचा चेहरा तसा झाला आणि पाना सुटला, तोच, तेराचा. ह्यांच्या तोंडापासून वितीवर दोरी ताणली. पाना हवेत थबकला, उलटा फिरला, आणि सणसणत जाऊन भावोजींच्याच नडगीवर बसला. हाडावर बसल्याचा आवाज मी दारातून ऐकला.

भावोजी नडगी धरून खाली बसले. दातांवर दात. डोळ्यांत पाणी. सासूबाई चहा घेऊन आल्या होत्या. त्यांनी एकदा मुलाकडे पाहिलं, एकदा दोरीकडे. "लागलं?" त्यांनी विचारलं.

"लागलं," भावोजी म्हणाले.

"हं," त्या म्हणाल्या आणि कप त्यांच्या शेजारी जमिनीवर ठेवला.

ह्यांनी इंजिनाखालून हात बाहेर काढला, पंजा उघडा. "दादा, तेरा दे."

भावोजींनी दोरी ओढून पाना जवळ घेतला, हातात फिरवून बघितला, आणि दिला. फेकला नाही. वाकून, नडगी धरून, हातात दिला.